आधी ‘हो’, मग वाद

“चुकला म्हणून काय मूर्ख होता का तो?” पहिल्याच भेटीत वसुधाताईंनी मला दरडावलं. वादात हरलेल्या माणसाची पत्रं कशाला वाचता, एवढंच मी विचारलं होतं.

नागपूरला भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या ताई एडिनबरात माझ्या खालच्या फ्लॅटमध्ये राहत. लायब्ररीत जाऊन त्या व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या दोन शास्त्रज्ञांची पत्रं उतरवून काढत. डोंगरावरचे अवाढव्य धोंडे बर्फाने आणले, असं एकाचं म्हणणं. दुसऱ्याच्या मते महापुराने; वादात हरला तो हाच. पानंच्या पानं एकमेकांची सालटी काढायची आणि शेवटी विचारायचं, ‘मुलाचा खोकला कसा आहे?’ ऐकून मी चाटच पडलो.

त्या दोघांचा एक नेम होता. समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या शब्दांत मांडायचं. ‘हो, हेच म्हणायचं होतं’ असं त्याचं उत्तर आलं, तरच ते खोडायचं.

ताई आणि त्यांचे कॉलेजातले जुने सहकारी, लंडनजवळच्या स्लाऊ गावचे कांबळेसर, पत्रांतून हाच नेम पाळत. ताई पूरवाल्याच्या बाजूने, सर बर्फवाल्याच्या. “कांबळे, तुझं डोकं बर्फात गोठलंय,” हे वाक्य मला वाचून दाखवत ताई खुशाल तिकीट चिकटवायच्या. मला हे हाडवैरच वाटे.

“अहो ताई, फोन करा ना सरळ. कॉल्स किती चीप झालेत!”

“फोनवर माणूस ऐकून घ्यायच्या आधीच बोलतो,” त्या म्हणत.

एका सकाळी लायब्ररीतच, खुर्चीत बसल्या बसल्या ताई गेल्या. आदल्या दिवशीच तर जिन्यात माझ्यावर खेकसल्या होत्या! माझा विश्वासच बसेना. मी सरांना फोन केला. ते म्हणाले, “अरे, पण मी आजच पत्र पोस्ट केलंय. तिचा ‘हो’ यायचाय.”

अंत्यविधीला सर उभे राहिले. हातात दोन कागद. पोस्ट केलेल्या पत्राची प्रत त्यांनी उघडली. “वसुधाचं म्हणणं असं. पूरवाल्याने जे पाहिलं, तेच लिहिलं. निष्कर्ष चुकला, पण त्याने पाहण्यात लबाडी केली नाही.” ताईंची बाजू खुद्द ताईंनीही इतकी नेटकी मांडली नसती. मी हादरलोच. यांना मी वैरी समजत होतो!

सर शवपेटीकडे वळले. “वसुधा, हेच म्हणायचं होतं ना?”

आणि ते थांबले. थांबूनच राहिले. शेवटी मी उठून त्यांचा हात धरला. दुसरा कागद, ताईंचं म्हणणं खोडून काढणारा, अजून घडीतच होता.

“सर, हा वाचायचा राहिला.”

“राहू दे,” ते म्हणाले. “तिने अजून हो म्हटलेलं नाही.”