खालून वाचायचं चित्र

प्रोबेशन संपायला आठवडा होता आणि माझं कशातच लक्ष लागत नव्हतं. बाबांची गिरणी संपानंतर उघडलीच नव्हती. बोरीवलीच्या आमच्या घरात पगार यायचा तो एकट्या माझा. साहेबांनी सांगून ठेवलेलं, "क्लायंटला डिझाइन पटलं, की तू पर्मनंट."

अंधेरीच्या एमआयडीसीत आमचं ऑफिस. एका औषधांच्या कारखान्यासाठी पगाराचा प्रोग्रॅम बनवायचा होता आणि त्याचा आराखडा माझ्याकडे होता. प्रोग्रॅमचा एकेक तुकडा म्हणजे एकेक चौकोन. वरचा चौकोन खालच्याला काम सांगतो, तसा बाण काढायचा; खालचा ते करून उत्तर वर पाठवतो. स्टेन्सिल घेऊन मी सगळं चार्टपेपरवर उतरवलं. सगळ्यात वर माझा चौकोन, कामाची सुरुवात करणारा. सगळ्यात खाली तारखा तपासणारा, कारण तो सगळ्यांनाच लागायचा. नेमका तो आमच्या सीनियरनी लिहिलेला. आणि चौकोनात लिहिणाऱ्याचं नाव टाकायची आमच्याकडे पद्धत. झालं!

सीनियर कमरेवर हात ठेवून चार्टसमोर उभे राहिले. "एवढी वर्षं घासली, आणि मी हिच्या हाताखाली?"

"सर, हा ऑफिसचा चार्ट नाहीये. कुठला तुकडा कुठल्याला काम सांगतो, ते..."

"तेच म्हणतोय ना. तू मला काम सांगणार?"

साहेबांनी मधला मार्ग काढला. "त्यांचा चौकोन वर घे गं. चित्रच तर आहे, काय बिघडतंय?"

काय बिघडतंय म्हणे! तो एकटाच वर नेला, तर बाकीच्यांना तोच काम सांगतोय असं दिसणार. बाण खोटे झाले की ते बघून प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची वाट लागणार, आणि खापर माझ्या डोक्यावर. असं डोकं सणकलं! धड बसवेना, धड उभं राहवेना. नखं खाऊन संपली. पर्मनंट व्हायचंय ना, मग गप गुमान काढ, असं स्वतःला बजावत होते, पण खोटं काढायला हात धजेना.

शेवटी चिडून अख्खं चित्रच उलटं काढलं. सुरुवात तळाला, बाण खालून वर, तारखा तपासणारा चौकोन शेंड्याला. एकही बाण खोटा नाही. सीनियर एकदम खूश. "आता कसं!" म्हणाले.

क्लायंट आले आणि त्यांनी अर्थातच वरून वाचायला घेतलं. "म्हणजे सगळं इथून सुरू होतं?"

"हो, माझ्यापासूनच," सीनियर म्हणाले. साहेबांनी माझ्याकडे बघून डोळे वटारले.

मला राहवलंच नाही. "नाही. खालून वाचा. सुरुवात माझ्या चौकोनापासून आहे, हा वरचा फक्त तारखा तपासतो." आणि उठून एकेका बाणावर बोट ठेवत शेंड्यापर्यंत समजावलं. क्लायंटना पटलं. त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला.

संध्याकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. डिझाइन झकास आहे, म्हणाले, पण चारचौघांत सीनियरचा पाणउतारा करतेस. तुझा स्वभाव अजून बघावा लागेल. प्रोबेशन वाढवलं.

घरी आई दारातच उभी. "पटला काय गो त्यांका?"

"पटलं. चित्र पास झालं."

बाबांनी आतला रेडिओ बंद केला.

"आणि तू?" आईने विचारलं.

नुसता संताप होत होता, आणि काढणार कोणावर? "मी नाही," म्हटलं.