कादंबरीतली थोरली

मनकर्णाबाई माहेरी, परतवाड्याला, चौथीपर्यंत शिकलेली. अकोटच्या खुशालरावांची बायको होऊन ती त्यांच्या पानमळ्यात आली, तेव्हा वाचता येणारी बाई म्हणून तिचं मोठं कौतुक झालं. लेकरू झालं नाही, म्हणून पुढे खुशालरावांनी दुसरी केली. ती सत्यभामा. वयानं लहान, स्वभावानं गरीब. तिच्यावर राग धरावा असं काही तिच्यात नव्हतं, आणि मनकर्णेला तेच जड जाई.

एका उन्हाळ्यात खुशालरावांनी वाचनालयातून कादंबरी आणली. दुपारी सत्यभामा ओसरीवर विड्याची पानं निवडायची आणि मनकर्णा वाचून दाखवायची. गोष्टीत एक वकील, त्याची लग्नाची बायको कावेरी आणि त्याच्या मनात भरलेली वत्सला. सत्यभामेला वत्सला आवडली. मनकर्णेचा जीव कावेरीत अडकला.

"याले तोंड नाही का? दोघींले नुसता झुलवून राहिला!" ती पुस्तकावरच चिडायची.

शेवटी कावेरीनं नदीत उडी घेतली. त्या दोघांचा संसार सुखाचा व्हावा म्हणून. लेखकानं तिच्या त्यागाचे गोडवे गायले होते. मनकर्णेनं पुस्तक मिटलं.

"काहून मारली तिले? तिनं कोणाचं काय वाईट केलं होतं?"

बाजेवर पडलेले खुशालराव म्हणाले, "मंग काय करन लेखक? एकीले बाजूले व्हाच लागते. चांगला केला शेवट."

आणि ते कूस बदलून झोपी गेले.

सत्यभामेनं तिचा हात धरला. "बाई, ते पुस्तकातल्या बाईचं बोलले."

"हो वं," मनकर्णा म्हणाली.

बाजाराच्या दिवशी शेजाऱ्यांच्या बैलगाडीत बसून ती परतवाड्याला गेली. भावाला, केशवरावांना, म्हणाली, "मी आता नांदाले जात नाही. पण जीवही देत नाही. तुह्या मळ्यात काम करतो."

दिवाळीला खुशालराव न्यायला आले. "चाल घरी. मी तुले असं काय बोललो?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं.

"काही नाही," तिनं म्हटलं. त्यांना जेवू घातलं, पाणी दिलं. गाडी दिसेनाशी होईपर्यंत ती मळ्याच्या बांधावर, धुऱ्यावर उभी होती. मग झेंडूच्या ताटव्यात बसून इतकी रडली, की भावजयीनं तिला हाताला धरून घरात आणलं.

अकोटला ती पुन्हा कधी गेली नाही.