पडवीतल्या रेघा

दिवाळीच्या यादीतली रांगोळी डब्यात ओतताना भालकीचं घर आठवलं. तेव्हा ते गाव हैदराबाद राज्यात होतं. माझ्या वडिलांना, अप्पांना, कंपवात होता. चालता चालता त्यांचे पाय जमिनीला चिकटायचे आणि ते पडायचे, म्हणून बहुतेकदा कुणीतरी त्यांना धरून न्यायचं. त्या सकाळी ते पडवीत असेच अडकले. पुढ्यात आई रांगोळी घालत होती.

"कामून थांबलाव? या की! पण रांगोळी पुसली तर पुन्हा तुमीच घालायची, बघा."

रेघ ओलांडायला अप्पांनी पाय उचलला, आणि तो उचलला गेला. आईने लगेच पुढे दुसरी रेघ ओढली, मग तिसरी, थेट दारापर्यंत. मोर नाही, कमळ नाही, नुसत्या रेघा! शेजारणी हसतील म्हणून मला लाज वाटली. आपण काय पाहतोय ते कळलंच नाही.

अप्पा एकेक रेघ ओलांडत बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

"आज कुणी धरलं न्हाई मला," ते म्हणाले.