कार्ड लवकर पोचतं

माझी नात चौबे कॉलनीत माझ्याच घरी राहते आणि पुढच्या खोलीत बसून कुलुपं तपासते. इंटरनेटवरची. खेड्यातल्या दवाखान्यांतून पेशंटांचे रिपोर्ट रायपूरच्या डॉक्टरांकडे येतात, ते वाटेत कोणी वाचू नयेत म्हणून. आत्ताचं कुलूप पुढे येणारे क्वांटम कॉम्प्युटर तोडतील, म्हणून नवं निघालंय. ते तिनं महिनाभर चालवून पाहिलं होतं. त्या संध्याकाळी तिला साहेबांना कळवायचं होतं, बसवायचं की थांबायचं.

"शहर में तो फर्क ही नहीं पड़ता, आजी. पण गावात नेटवर्क कमजोर. नई चाबी बड़ी है, एका पाकिटात मावत नाही, दोन तुकडे होतात. एक गिरा, कि फिर से शुरू. नर्सदीदी वैतागतात. मैं लिख रही हूँ, अभी रुको."

"अन् ते तोडणारं मशीन?"

"बना ही नहीं है अभी."

"मग एवढी घाई काहून करून राहिले लोक?"

"चोर हे रिपोर्ट आजच जमा करून ठेवतात ना. बंद का बंद. मशीन आएगी, तब खोलेंगे."

मी मेथी निवडत होते. ती बाजूला सारली.

बाविशी-तेविशीत मी स्वतःला फार पोचलेली समजत असे. माझ्या धाकट्या बहिणीला मिरगीचे झटके यायचे. लग्नात ते लपवलं. ती बिलासपूरला सासरी गेली आणि तिला गोळ्यांची आठवण करून देणं माझ्याकडे आलं. लिफाफ्यासाठी पोस्टात जा, डिंक लावा, कोण करणार? पोस्टकार्डं घरातच पडलेली असत. चार ओळी खरडल्या की पेटीत. गुप्ततेची सोय या बाईसाहेबांनी, म्हणजे मी, केलीच होती, 'च'ची भाषा! 'चोळीग चोजर चेघ', म्हणजे गोळी रोज घे. शिकवली होती एका मावसबहिणीनं, पण तोरा असा की शोध जणू माझाच. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, सगळी हिंदी पोरं, त्यांना ती कळत नसे, म्हणजे जगात कोणालाच कळत नसणार. काय ती अक्कल!

बहिणीची सासू आलेलं प्रत्येक कार्ड भिंतीवरच्या तारेत खोचायची. तेव्हा सगळ्याच घरांत पत्रं तशी ठेवत. न कळलेली कार्डं तिनं फेकली नाहीत, एवढंच.

सात-आठ वर्षांनी मेहुण्याची बदली नागपूरला झाली. सामानाबरोबर तारही गेली. भाची मराठी शाळेत बसली आणि आठवड्याभरात मधल्या सुट्टीत ती भाषा शिकून आली. तिथे प्रत्येक पोट्टीला ती येत होती. सासूनं नातीला जवळ घेतलं, तार खाली काढली. पोर खुशीत एकेक कार्ड वाचत गेली, मोठ्यानं, आईलाही ऐकू जावं म्हणून.

बहीण एक पेटी घेऊन रायपूरला परत आली. मुलगी तिकडेच राहिली. बहिणीनं मला एकदाच विचारलं, "ताई, कार्डावर काहून लिहिलं वो?"

"लवकर पोचतं म्हणून," मी म्हटलं.

ती नऊ वर्षं माझ्याजवळ राहिली आणि मुलीचं तोंड पुन्हा न बघता गेली.

हे मी घरात कधी कोणाला सांगितलं नव्हतं. नातीला सांगितलं. ती हिंदी विसरली. "आजी, माझ्या रिपोर्टांत हेच असतं गं. कोणाला काय आजार आहे, कोणी काय लपवलंय."

तिनं लिहिलेलं सगळं पुसलं. नवं कुलूप आत्ताच बसवा, गावात थोडं हळू चालेल, ते सोसू, असं लिहून पाठवलं. उत्तर लगेच आलं.

"काय म्हणते तुझा साहेब?"

"पुढच्या वर्षी बघू म्हणतात. गावातून शिकायत नको."

"अन् तोवर?"

"जुनंच."

"आजचे रिपोर्ट तरी थांबव ना, पोट्टे."

तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवली. मला त्यातलं काय कळणार!

"सुबह से सब चले गए, आजी," ती म्हणाली. "ते आता परत नाही घेता येत."