न पोळणारं तेजाब

खामगावात तेजाब काय असतं ते कुणाला शिकवावं लागत नाही. चांदीच्या कामाचं गाव. कारागिराच्या हातावर थेंब उडाला की तो आधी ओरडतो आणि मग पाण्याकडे धावतो. चरचरलं, धूर निघाला, तर ते तेजाब, नाहीतर पाणी. तानाबाई हिवराळे यांनी तरुणपणी चांदीच्या दुकानांत झाडलोट केली होती, त्यामुळे त्यांचीही तेजाबाची ओळख एवढीच होती.

१९८१ साली गावाबाहेर रेडिओचे डायोड बनवणारा एक छोटा कारखाना निघाला. सिलिकॉनच्या पातळ चकत्या मुंबईहून यायच्या. इथे त्या धुवायच्या, कापायच्या आणि त्यांना तारा जोडायच्या. कामाला बत्तीस बाया होत्या. तानाबाईंना धुलाई खोलीत घेतलं. त्याआधीची वीस वर्षं त्यांनी कापूस वेचला होता. इथे डोक्यावर छप्पर होतं, बसायला स्टूल होतं आणि गळ्यात फोटोचं ओळखपत्र. ते ओळखपत्र त्या बाजाराला जातानाही काढत नसत.

धुलाईत चकत्यांची टोपली एका पातळ आम्लात बुडवायची. हे आम्ल काच खातं, म्हणून ते प्लास्टिकच्या डब्यात येई. त्याला धूर नव्हता आणि ते अंगाला पोळतही नसे. बाया त्याला ‘गार तेजाब’ म्हणत आणि इतर डब्यांपेक्षा त्याला कमी भीत. भिंतीवर नियम लावलेला होता: अंगावर पडल्यास ताबडतोब भरपूर पाण्याने धुवावे व पांढरे मलम लावावे. मलमाची एकच नळी होती, कपाटात. हातमोजे रबरी होते. त्यांचाही नियम होता: फाटका दाखवा, नवा न्या.

फेब्रुवारी १९८३ मधल्या एका मंगळवारी तानाबाईंना मोज्याच्या आत उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांना गार लागलं. त्यांनी मोजा काढला, हात लुगड्याला पुसला आणि मोजा पुन्हा चढवला. दुखत काहीच नव्हतं. संध्याकाळी घरी भाकरी टाकताना बोटांत कळ उठली. सकाळपर्यंत दोन्ही बोटांची टोकं खडूसारखी पांढरी पडली होती.

त्या तशाच कामावर गेल्या. सुपरवायझर उत्तमराव यांनी अपघाताची वही उघडली.

“कवा लागलं?”

“घरी जी. भाकर टाकता टाकता.”

तानाबाईंच्या बोलण्यात ‘लागलं’ म्हणजे दुखू लागलं. उत्तमरावांनी त्याचा अर्थ इजा झाली असा घेतला आणि वहीत लिहिलं: ‘घरी, भाकरी करताना, तव्यावर भाजले.’ तव्याचं नाव तानाबाईंनी काढलं नव्हतं.

“मलम लावून द्या ना साहेब.”

“घरी भाजलेल्याले कारखान्याचं मलम? उद्या लेकराची खरूज दाखवायले आणशील!”

बाहेरच्या डॉक्टरांनी तव्याचं भाजणं समजून औषध दिलं. मलमाविना आम्ल तोवर आत मुरून हाडाकडे निघालं होतं. नवव्या दिवशी अंगठ्याजवळच्या बोटाची दोन पेरं कापावी लागली आणि मधल्या बोटाचं एक पेर गेलं.

आता सगळं वहीतल्या त्या एका ओळीवर आलं. इजा कारखान्यात झाली असेल तर हलकं काम देणं भाग होतं. घरी झाली असेल तर तीस दिवसांच्या गैरहजेरीनंतर नाव कमी होणार होतं. कापूस वेचणं हे बोटांच्या टोकांचं काम, त्यामुळे तो रस्ताही बंद झाला होता. सव्विसाव्या दिवशी तानाबाई ओळ दुरुस्त करून मागायला गेल्या.

अशा गोष्टींसाठी सुरक्षा समिती होती. तिच्यात दोघं होते: उत्तमराव आणि बायांची प्रतिनिधी कोकिळा. कोकिळा दोन वर्षं तानाबाईंच्या शेजारच्या स्टुलावर बसत होती. पहिला प्रश्न तिनेच विचारला.

“मोजा फाटला होता का वं ताने?”

“फाटला नव्हता. बारीक भोक असंन.”

“तुले दिसलं?”

“दिसत असतं त घातला असता का?”

“दिसत नाही, पोळत नाही, धूर नाही,” उत्तमराव म्हणाले. “तेजाब आहे का भूत आहे वं हे?”

कोकिळा आधी हसली. मग दाराशी जमलेल्या बायाही हसल्या.

उत्तमरावांनी तोड काढली. ओळ आहे तशी मान्य करून सही करायची आणि सोमवारपासून झाडू मारायला यायचं. तानाबाईंनी ओळ दोनदा वाचली. ती खोटी आहे हे त्यांना माहीत होतं. त्यांनी डाव्या हातानं सही केली. खाली समितीच्या सह्या झाल्या.

धुलाईच्या स्टुलावर एकोणीस वर्षांची अन्नपूर्णा आली. तानाबाईंचे मोजे तिला मिळाले.

झाडूचं काम दीड महिना चाललं. मग एका दुपारी अन्नपूर्णा मोजा काढून, हात झटकत व्हरांड्यात आली.

“आत गार गार लागून राह्यलं वं मावशी. घाम आला वाट्टे.”

तानाबाईंनी झाडू टाकला. तिचं मनगट धरून हात नळाखाली ओढला आणि वीस मिनिटं धरून ठेवला. मग कपाटातली नळी काढून बोटांवर मलम चोळायला सुरुवात केली. नळी चपटी होईपर्यंत त्या चोळत राहिल्या.

“सोडा ना मावशी! काही नाही झालं मले!” अन्नपूर्णा रडत होती. “माही टोपली राह्यली आत!”

टोपली आम्लात राहिली ती राहिलीच. चाळीस चकत्या वाया गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तमरावांनी दोघींना बोलावलं. कोकिळाही बसली होती.

“दाखव हात. कुठं लागलं तुले?”

“कुठंच नाही साहेब. मावशीच धरून बसल्या. लय सांगतलं मी त्यायले.”

अन्नपूर्णाची पाचही बोटं धड होती. उत्तमरावांनी ती कोकिळेला दाखवली.

“मलम लावलं म्हून नाही लागलं जी,” तानाबाई म्हणाल्या.

“हाव. अन् मी रोज पूजा करतो म्हून कारखान्यावर वीज पडत नाही.”

“माह्या हाताकडं पाहा ना साहेब.”

“तुह्या हाताचं तूच लिहून दिलं. घरी. तव्यावर.” त्यांनी वही उघडून सही दाखवली. “आता खोटी कोण, तव्हाची तानाबाई का आत्ताची?”

कामावरून कमी केल्याच्या कागदावर दोन कारणं होती: मलमाचा अपव्यय आणि चाळीस चकत्यांचं नुकसान. कोकिळेने सही केली. आदल्या दिवसाच्या रकान्यात उत्तमरावांनी लिहिलं, ‘अपघात नाही.’ ही नोंद खरी होती.

ओळखपत्र टेबलावर ठेवून तानाबाई दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

“नळी संपली साहेब. नवी मागवा.”

“नवी आता पुढच्या वर्षाच्या मालात,” उत्तमराव म्हणाले आणि अन्नपूर्णाला त्यांनी धुलाई खोलीत पाठवलं.