मारबत आणि आमेन

आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत मला लढणारा माणूस म्हणत. कुणाच्या घरात भांडण पेटलं, कुणाचा नवरा पुन्हा मोहाच्या दारूकडे वळला, कुणाची पोरगी झोपेत दचकून उठायला लागली, की पास्टरजी म्हणायचे, "भाऊंना बोलवा." मी साकोलीतल्या मोटार वाइंडिंगच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून निघायचो. एरवी मी फार बोलत नाही. गिऱ्हाइकाशीसुद्धा मी मानेनंच बोलतो असं बायको म्हणते. पण डोळे मिटले की माझा आवाज बदलायचा. मी सैतानाला दटावायचो, बांधायचो, घराबाहेर काढायचो. ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा यायचा आणि खरं सांगतो, माझ्याही यायचा.

त्याच आवाजानं एका रविवारी दुपारी माझ्या आईसाठी जे मागितलं, ते लिहायला बसलो आहे. लिहिताना अजून हात थांबतो.

मी विश्वासात आलो तो दारूमुळे, म्हणजे दारू सुटली म्हणून. आमचं गाव सानगडीकडचं, घरची थोडी धानाची शेती, गावच्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाण्यावर पिकणारी. आई त्या वेळी हसून म्हणाली होती, "तुह्या देवानं तुले त्यातून काढलं, त्याले माहा नमस्कार. पन माह्या देवाले मी आता म्हातारपनी कुठी पाठवू?" स्वयंपाकघराच्या भिंतीत तिचा कोनाडा होता, त्यात तिचे देव. रोज संध्याकाळी ती तिथं दिवा लावायची.

माझ्या मनात मात्र तो कोनाडा सलायचा. दुकानात मंदी आली, धानावर तुडतुडा आला, की मी त्या भिंतीकडे बघायचो. रोज सकाळी भिंतीच्या अलीकडे उभा राहून, तिच्यावर हात ठेवून, मी मोठ्यानं प्रार्थना करायचो. पलीकडून आईचा आवाज यायचा.

"कोनासंग भांडून राह्यला बापू, सकाळी सकाळी?"

"सैतानासोबत."

"चा पिऊन घे, मंग भांड. उपाशीपोटी आवाज फाटते तुहा."

मला राग यायचा. मी चहा प्यायचो नाही. आता वाटतं, प्यायला हवा होता.

मग एका उन्हाळ्यात तिला लकवा मारला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. डोकं मात्र लख्ख राहिलं. भंडाऱ्याच्या दवाखान्यातून तिला घरी आणलं आणि पुढच्या खोलीत खाटेवर ठेवलं. ती उठू शकत नव्हती, त्यामुळे कोनाड्यातला दिवा बंद झाला. पहिल्या संध्याकाळी तिथं अंधार पाहून मी प्रार्थनेत म्हणालो, "प्रभू, तू विजय दिलास." बायको कणीक मळत होती. तिचे हात थांबले, तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा मळायला लागली. त्या पाहण्याचा अर्थ मी लावला नाही. लढणाऱ्या माणसानं असल्या गोष्टींकडे लक्ष द्यायचं नसतं, असं मला वाटायचं.

घरात कामाची वाटणी आपोआप झाली. आईला पुसणं, कूस बदलणं, ओल्या चादरी काढणं हे बायकोकडे. प्रार्थना माझ्याकडे. एकदा बादलीत चादर बुडवता बुडवता ती म्हणाली, "बरोबर हाये. तुमी लढा, मी धुते."

मी उपास वाढवले. उपासाच्या दिवशी आईच्या खाटेपाशी जायचं नाही, मन शांत ठेवायचं, असा मी माझाच नियम केला होता. खरं कारण असं की मला वास सहन व्हायचा नाही. ती हाक मारायची, "बापू..." त्या जड जिभेनं ते "बाऊ" असं यायचं. मी मागच्या अंगणात गुडघ्यावर बसलेला असायचो, तिच्या बरे होण्यासाठी हात पसरून, आणि उठायचो नाही.

आता मारबतीचं सांगतो. आमच्याकडे पोळ्याच्या दिवशी दारात पळसाच्या डहाळ्या लावतात. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या उपटून, ओरडत ओरडत, गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकतात. वर्षभराची रोगराई, दुखणी, सगळं त्या डहाळ्यांच्या मारबतीसोबत गावाबाहेर जातं. लहानपणी आई मला उठवून माझ्या हातात डहाळी द्यायची. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत! खासी खोकला घेऊन जा गे मारबत!" एक जण मागायचा, सगळे मिळून शेवट ओढायचे. मग मस्करी सुरू व्हायची. कुणी मास्तरची छडी न्यायला सांगायचं. शेजारची म्हातारी ओरडायची, "माह्या सुनेची जीभ घेऊन जा गे मारबत!" आणि मागून सून म्हणायची, "आन सासूचे कानबी!" सगळी गल्ली हसायची. आईचा मात्र एक कडक नियम होता. "शिवेपर्यंत पोचवजो. अर्ध्यात टाकली तं तुह्याच मागं मागं वापस येते."

विश्वासात आल्यावर मी ते सोडलं. त्या पहाटे आम्ही दार लावून घ्यायचो. मला वाटलं, तोंडातूनही ते कधीचं गेलं.

त्या रविवारी उपासना झाल्यावर मंडळी आमच्या घरी आली, आईसाठी प्रार्थना करायला. टिनाखाली उकाडा होता. बायकोनं सकाळीच चादर बदलली होती, तरी वास होता. सगळे खाटेभोवती उभे राहिले, पास्टरजींनी आईच्या कपाळाला तेल लावलं आणि मला खुणावलं. मी डोळे मिटले.

सुरुवात बरोबर होती. मंडळीत करतो तशी, शुद्ध भाषेत.

"हे प्रभू, हे आजारपण घेऊन जा!"

"आमेन!"

"ही पीडा घेऊन जा!"

"आमेन!"

ताल लागला. टाळ्या पडू लागल्या. माझा आवाज चढला आणि मला वाटलं, आज काहीतरी होणार.

"या खोलीतला हा वास घेऊन जा!"

"आमेन!"

"ही दिवसभराची हाक घेऊन जा!"

"आमेन!"

"हिले घेऊन जा! घेऊन जा गे..."

"आमेन!"

शेवटचा शब्द मी दातांत धरला. पण तिथं उभं असलेलं प्रत्येक माणूस याच गावांत वाढलेलं. 'गे' च्या पुढं काय येतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. टाळ्या थांबल्या. मी डोळे उघडले. बायकोनं पदर तोंडात धरला होता. एका बाईचे हात टाळीसाठी उचललेले तसेच हवेत होते. मी नजर खाली घातली, मग दिसत होते ते सगळ्यांचे पाय. कुणाच्या तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती. आणि कानात मात्र तोच "आमेन" घुमत होता. मी आईचं मरण मागितलं होतं आणि मंडळीनं त्यावर आमेन म्हटलं होतं.

खाटेवरून आई बोलली. हळूहळू, एकेक शब्द जिभेनं ढकलत.

"शिवेपर्यंत पोचवजो बापू. अर्ध्यात नोको टाकू."

चहा ठेवला होता, तो कुणी घेतला नाही. अंगणात चपला घालताना पास्टरजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. भले माणूस आहेत ते, त्यांनी मला सोडवण्यासाठीच म्हटलं असेल. "भाऊ, ते तुम्ही नव्हते. शत्रूनं तुमची जीभ वापरली. मोठा विजय जवळ आला का तो असाच घाव घालते."

मी ते वाक्य बुडणाऱ्यानं फांदी धरावी तसं धरलं. पुढच्या रविवारी मंडळीत उभा राहून साक्ष दिली. सैतान माझ्या मुखातून कसा बोलला, मी त्याला कसा ओळखला, कसा धिक्कारला. लोक "हालेलुया" म्हणाले. एका बहिणीनं डोळे पुसले. बायको त्या दिवशी मागच्या रांगेत बसली होती.

माझ्या दुकानात पंपाची जळलेली मोटार घेऊन माणूस येतो तो आधी व्होल्टेजला शिव्या देतो. मी मोटार खोलतो, आतली जळकी तार हुंगतो आणि मला कळतं की विहिरीतलं पाणी संपल्यावरही ही तासन्‌तास चालत होती, कुणी बघायला गेलंच नाही. मी गिऱ्हाइकाला तसं सांगत नाही. मान हलवतो. त्या रविवारी साक्ष देऊन खाली बसलो तेव्हा मला माझ्याच बोलण्यातून तो जळका वास आला. कारण मला आठवत होतं. 'हिले घेऊन जा' हे शब्द तोंडातून निघण्याच्या जरा आधी ते मला आत ऐकू आले होते. मी त्यांना अडवू शकलो असतो. आणि ते निघाले तेव्हा क्षणभर मला हलकं वाटलं होतं. एवढंच मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

आई त्याबद्दल पुन्हा बोलली नाही. जीभ थोडी सुटली होती; जेवण झालं का विचारायची, धानाला पाणी पुरलं का विचारायची. मी तिच्या पायांकडे बघून उत्तर द्यायचो.

पोळा आला. त्याच सुमारास वरठीला बायकोच्या आईची तब्येत बिघडली. निघताना पिशवी भरत ती म्हणाली, "माह्याबी मायले कोनी पाह्यजे का नाई? मी येतपर्यंत लढू नका. नुसतं धुवा." मी शेजारच्या बाईला सांगून ठेवलं होतं. पण सणाचा दिवस, ती आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे गल्लीत ओरडा सुरू झाला. मी सवयीनं दार लावायला उठलो.

"राहू दे," आई म्हणाली. "आयकू दे."

दार उघडं ठेवून मी खाटेशेजारी खाली बसलो. डहाळ्या घेतलेले लोक दारावरून जात होते. प्रत्येक "घेऊन जा गे" माझ्या पाठीवर पडत होतं. मला राहवेना.

"आई, त्या दिवशी..."

"कोनत्या दिवशी?"

तिला ठाऊक होतं. मला बोलायला लावत होती.

"पार्थनेच्या दिवशी. पास्टरजी म्हन्ले सैतान बोलला. मीबी मंडळीत तसंच सांगतलं." माझी मंडळीतली भाषा कुठं गेली कोण जाणे. "सैतान नोयता वो आई. मीच होतो."

ओरडा पुढच्या वळणावर गेला होता.

"तुहा आवाज मले वळखू येत नाई का?" ती म्हणाली. "सैतानाले माह्या पोराचा आवाज कोन देईन?"

"मंग बोलली काहून नाई?"

तिनं छताच्या टिनाकडे पाहिलं. "का बोलू? मीबी तेच मागून राह्यली होती. रोज. तुह्या बायकोचे हात पाह्यले का तू? धुन्याच्या सोड्यानं पार सोलले. मी मनातल्या मनात मागत होती, तू मोठ्यानं मागतलं. तेवढाच फरक." मग तोंडाची चांगली बाजू जराशी हसली. "दोघायचेबी देव बहिरे."

मी बायकोचे हात पाहिले नव्हते. एवढे दिवस मी कोण कोण शत्रू हुडकले, भिंतीतले, वाऱ्यातले, आणि माझ्या घरातले हात पाहिले नव्हते. ज्या खोलीत जायचं टाळायला मी उपासाचं कारण काढत होतो, लढाई असलीच तर तिथंच होती, आणि मी ती रोज हरत होतो. हे मंडळीला अजून सांगितलेलं नाही. इथं वाचूनच कळेल. आईच्या मरणाची ती इच्छा कायमची गेली असंही मी म्हणणार नाही. वाईट दिवशी ती दारापर्यंत येते. फक्त आता मी तिला सैतानाचं नाव देत नाही.

"आता उठव मले," आई म्हणाली. "कवाची ओली पडली हावो."

मी चादर ओढली. एक हात तिच्या मानेखाली घातला, एक गुडघ्यांखाली. ती हलकी असेल असं वाटलं होतं, पण गेलेली बाजू जड असते. तिनं डाव्या हातानं माझ्या मानेला घट्ट धरलं. मोरीच्या उंबऱ्यावर माझी पकड सुटायला लागली.

"बापू," ती कानाशी म्हणाली, "अर्ध्यात नोको टाकू."

नाही टाकलं. त्या सकाळी तरी नाही.