रिकाम्या झोळीचं वजन

हे मी आजवर कुणापाशी बोललेलं नाही. नवऱ्यापाशी नाही, बहिणीपाशी नाही, आणि जिच्यापाशी बोलायला हवं होतं तिच्यापाशी तर नाहीच. तुमच्यापाशी बोलतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखीच्या माणसासमोर खरं बोलायची माझी हिंमत किती, ते पुढे कळेलच.

मी नाशिकची, आहारतज्ज्ञ. आता निवृत्त. उभा जन्म लोकांना काय खावं नि काय खाऊ नये ते सांगण्यात गेला, तेही जरा वरच्या पट्टीत. स्वभाव फटकळ. मधुमेहाच्या पेशंटने पेढा खाल्लेला मला त्याच्या चेहऱ्यावरून कळायचा आणि मी त्याला सगळ्या ओपीडीसमोर सोलून काढायचे. लोक म्हणायचे, बाई कडक आहेत पण खऱ्या आहेत. खऱ्या — हा शब्द ऐकला की मी अजून विषय बदलते.

नव्वद साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. शहरात आम्ही आहारतज्ज्ञ मूठभर होतो. आम्ही एक मंडळ काढलं आणि मी त्याची सचिव झाले. रविवारी घरी लोळण्याऐवजी काहीतरी सेवा करू, असं ठरलं. पेठच्या पुढे डोंगरातला एक पाडा घेतला. महिन्यातून एकदा जीपने जायचं, पाच वर्षांच्या आतल्या पोरांची वजनं करायची, आणि जी फारच खाली असतील त्यांना आम्ही बनवलेलं पीठ द्यायचं. नागली, डाळ, शेंगदाणे, सगळं भाजून दळलेलं. गूळ घालून कालवलं की पोरं बोटं चाटायची. मूल वजनात वर आलं की त्याचं पीठ बंद, म्हणजे दुसऱ्याला देता येतं. नियम माझाच होता.

पाड्यावरची आमची माणूस म्हणजे यमुनाबाई. सातवी शिकलेली, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. कुठल्या घरात चूल पेटली नाही, कुठलं पोर दोन दिवस रडतंय, हे तिला आधी कळायचं. तिला मीच निवडलं होतं, आणि ते मी सगळीकडे सांगत फिरायचे. वजन कसं घ्यायचं तेही मीच शिकवलं. काटा शाळेच्या पडवीत आढ्याला टांगायचा. त्याला आधी रिकामी झोळी अडकवायची, वरचा स्क्रू फिरवून सुई शून्यावर आणायची, मग झोळीत मूल. आधी झोळी, मग मूल — हे मी तिच्याकडून पाढ्यासारखं म्हणून घ्यायचे. तीही हसत म्हणायची.

आता बघा, मी मुद्द्याला येत नाहीये. कळतंय मला.

दिवाळी झाली होती. भाताची कापणी उरकत आली की अर्धा पाडा दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागांवर कामाला जायचा, लेकराबाळांसकट. पुढचे दोन-तीन महिने पोरं बांधावर वाढणार, म्हणून त्या महिन्यात पीठ जास्त द्यायचं असं ठरलेलं. नेमकं तेव्हाच मी शहरातून पाहुणे आणले. मंडळाचे ज्येष्ठ लोक, दोन देणगीदार, एक वार्ताहर. मंडळाच्या अध्यक्षपदाचं वारं वाहत होतं आणि मला ते हवं होतं. का लपवू? खूप हवं होतं.

जुनी झोळी फाटली होती. पाहुण्यांसमोर ठिगळ नको म्हणून मी पंचवटीतल्या शिंप्याकडून नवी शिवून घेतली. जाड ताडपत्रीसारख्या कापडाची, दुहेरी तळाची, पितळी कड्यांची. दिसायला झकास. त्या दिवशी काटा मी स्वतः टांगला, झोळी मी स्वतः अडकवली आणि स्क्रूला हात लावायचा विसरले. फोटोवाला घाई करत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

पोरं एकेक करून झोळीत बसली आणि एकेक करून वर आली. पिठाच्या यादीतल्या बावीसपैकी चौदा. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. सोनी नावाची दोन वर्षांची पोर होती, काटकुळी, डोळे तेवढे मोठे. तीही वर आली. यमुनाबाईने तिला झोळीतून उचललं, दंडाला हात लावून पाहिला आणि हळूच म्हणाली, "म्याडम, हात तर हाय तेवढाच हाय. वजन कसं वाढलं?"

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "यमुनाबाई, आता काट्यालाही शिकवणार का तुम्ही?" हशा पिकला. तीही हसली बिचारी. तोंडावर पदर धरून.

विसरणं हा गुन्हा नव्हे. माणूस विसरतो. तेवढंच असतं तर मी तुमचा वेळ खाल्ला नसता.

पाहुणे जीपकडे गेले, मी आणि यमुनाबाई आवराआवर करत होतो. शेवटचं पोर काढून घेतलं, झोळी रिकामी लोंबत होती, आणि सुई शून्यावर नव्हती. पाव किलोच्याही पुढे होती. दोन वर्षांच्या पोराचं पाव किलो म्हणजे काय, ते मला कुणी सांगायला नको होतं. मीच सांगत आले होते सगळ्यांना. मी सुईकडे पाहिलं. शेजारी यमुनाबाईही सुईकडेच पाहत होती. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी काय केलं? कड्यातून झोळी काढली, घडी घातली, पिशवीत टाकली. म्हटलं, "चला, उशीर होतोय."

तिने काट्याची दोरी सोडायला घेतली. पाहुण्यांसमोर माझी फजिती होईल असा विचार तिने केला असणार. माझी लाज तिने राखली आणि मी ती राखू दिली.

त्या चौदा पोरांना त्या दिवशी पीठ मिळालं नाही. नियमाप्रमाणे.

जीपमध्ये मी ठरवलं होतं, खरंच ठरवलं होतं, की सोमवारी सांगायचं. सोमवारी वर्तमानपत्रात फोटो आला. मग वाटलं, अहवालात दुरुस्ती करू. अहवाल टाईप व्हायला गेला. खाई त्याला खवखवे — आठ दिवस मला नीट जेवण गेलं नाही, आणि तरी तोंड उघडलं नाही. जेवण न जाण्याचं पुण्य लागत नसतं.

नवव्या दिवशी यमुनाबाई नाशिकला माझ्या हॉस्पिटलात आली. एस.टी.ने, सोनीला कडेवर घेऊन. सोनीची आई कुणाच्या तरी शेतात कापणीला होती, दोन दिवसांत ती दिंडोरीला निघणार होती, पोरीला घेऊन. त्याआधी पोरीचं वजन परत करून पीठ न्यायचं, एवढंच तिचं म्हणणं. तेही तिने माझ्या खोलीबाहेर बसणाऱ्या कामवाल्या मावशींना सांगितलं. मावशी आत येऊन मला सांगू लागल्या. माझ्यासमोर टाईप झालेला अहवाल होता. सोनीचं वजन परत केलं तर उरलेल्या तेराचंही करावं लागणार. मग अहवाल गेला, फोटो गेला, अध्यक्षपद गेलं. हे सगळं मी किती वेळात विचारात घेतलं असेल? मावशींचं वाक्य पुरं व्हायच्या आत.

मी म्हटलं, "सांगा, मॅडम मीटिंगमध्ये आहेत. वेळ लागेल."

मीटिंग वगैरे काही नव्हती. दाराला धुरकट काच होती, तिच्यातून बाकडं दिसायचं. ती सकाळी अकरापासून बसली. पोर रडली की उठून फेऱ्या मारायची, पुन्हा बसायची. एकदा तिने फडक्यातली भाकरी काढून, चावून चावून मऊ करून पोरीला भरवली. माझ्या खोलीत काटा होता. कपाटात पिठाची पाकिटं होती. नुसतं एक पाकीट मावशींच्या हाती पाठवलं असतं तरी चाललं असतं, नाही का? पण पाठवलं असतं तर मला कळलंय हे तिला कळलं असतं. तीन वाजून गेल्यावर ती उठली. मावशींना म्हणाली, गाडी चुकंल. मी काचेपासून बाजूला झाले.

तुम्हाला वाटेल, संपलं. नाही.

मी बिनविरोध अध्यक्ष झाले. पाडा सुधारला असं ठरलं, तेव्हा मंडळाने काम दुसरीकडे हलवलं. बैठकीत कुणीतरी सुचवलं, यमुनाबाईंना मानधनावर घेऊ, नव्या ठिकाणच्या बायकांना त्या शिकवतील. सगळ्यांना पटलं. ती शिकवणार म्हणजे पहिलं काय शिकवणार? आधी झोळी, मग मूल. मी चष्मा पुसत म्हटलं, "बाई चांगली आहे हो, पण नोंदी नीट ठेवत नाही. वजनं तर अंदाजानेच लिहिते." एवढंच. कुणी उलट विचारलं नाही. मी खरी ना.

ज्या बाईने चूक पकडली, तिच्याच अंगावर मी ती चूक टाकली. आता सांगितलं.

पुढे दहा-बारा वर्षं मी व्यासपीठांवर बसले. नव्या मुलींना सेवा म्हणजे काय यावर व्याख्यानं दिली, शाली घेतल्या. त्या पाड्याकडे फिरकले नाही.

मग एकदा पेठ नाक्यावर रिक्षा शोधत उभी होते. कुणीतरी माझा हात धरला. यमुनाबाई. केस पिकलेले, हसू तेच. "म्याडम, लय वाळलात. खाता का नाय काय?" मला आहार विचारणारी ती पहिलीच. मी सोनीचं विचारलं. विचारायलाच हवं होतं, काय करणार.

"सोनी ना? मीच ठेवून घेतली तवा. म्हटलं आईसंगं बागेत नको. माझ्या धाकट्याच्या ताटातलं काढून घातलं तिला. धाकटा वाळला त्या साली, आजारी पडला, पण निभावलं देवानं. सोनी आता मोठी झाली, शिकती." आणि माझा हात अजून धरूनच म्हणाली, "तुमाला भेटाया आले व्हते म्या तवा. पण तुमची मीटिंग व्हती."

हातात हात होता. अध्यक्षपद केव्हाच संपलं होतं. खरं बोलले असते तर माझं काही म्हणजे काही जाणार नव्हतं. ती बोलायला वाव देऊन थांबलीही असेल, मला नक्की सांगता येणार नाही.

मी म्हटलं, "हो ना. त्या दिवशी फार मोठी मीटिंग होती."

तिने मान हलवली. मी रिक्षात बसले. बाकीच्या तेरा पोरांचं काय झालं, ते मी विचारलं नाही.